चुकलेल्या उत्तराला टाळ्या

चुकीच्या उत्तरावर इतकं निर्व्याज प्रेम करणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बरोबर उत्तर ऐकलं की त्यांचा चेहरा उतरतो. “बरोबर आहे,” असं ते म्हणतात खरं, पण पाहुण्यांनी फराळाच्या ताटातला शेवटचा लाडू उचलल्यावर यजमान ज्या आवाजात “घ्या ना” म्हणतो, त्या आवाजात. चुकलेलं उत्तर आलं की मात्र खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “असं का वाटलं तुला?” हा प्रश्न त्यांनी आजवर विद्यार्थ्यांना, रिक्षावाल्यांना, भाजीवालीला आणि आमच्या लग्नाच्या याद्या होताना खुद्द आमच्या सासऱ्यांनाही विचारलेला आहे. सासऱ्यांनी पुढचे दोन सण त्यांच्याशी अबोला धरला होता, असं आमची ही सांगते.

ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शिकवणं शाळेपुरतं ठेवावं, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. आमच्याकडे जेवायला आले की तव्यावरच्या पोळीकडे बोट करून म्हणणार, “ही फुगणार की नाही? बोला, आधी अंदाज सांगा.” बायको लाटणं हातात धरून, “भाओजी, गरम आहे तोवर खा हो,” म्हणून विनवायची, पण सगळ्यांचा अंदाज कळल्याशिवाय गृहस्थ घास उचलत नसत. शर्टाच्या खिशात लोहचुंबक, दोरा, फुगा आणि एक बहिर्गोल भिंग कायम असे. पैसे मात्र घरी राहिलेले असत. एकदा वणीच्या गडावर पायऱ्या चढताना नाडीचे ठोके किती वाढतात हे पाहायची त्यांना हुक्की आली. स्वतःची नाडी पुरेना, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांची मनगटं धरू लागले. गडावर डॉक्टर बसलाय अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? बघता बघता रांग लागली. एका आजीबाईंना त्यांनी नेमाने विचारलं, “वर गेल्यावर ठोके वाढतील की कमी होतील? तुमचा अंदाज सांगा.” आजी म्हणाल्या, “ठोक्याचं ऱ्हाऊ द्या डाक्टर, गुडघ्याचं काय ते बघा. लय ठणकतोय.” दर्शन बाजूला राहिलं आणि साडू दुपारपर्यंत गुडघे बघत बसले.

पण त्यांचा खरा जीव होता शाळेच्या विज्ञान मंडळात. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की लेझीम, ढोल आणि फाटक्या सतरंज्या ठेवायच्या खोलीत मंडळ भरे. प्रदर्शनात दरवर्षी येणाऱ्या, खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फेसाळणाऱ्या ज्वालामुखीला तिथे कडक बंदी होती. “आणायचाच असेल तर खरा आणा,” असं ते सांगत. मंडळाचा नियम एकच होता. प्रयोग करण्याआधी प्रत्येकाने अंदाज करायचा, आणि तो तोंडाने नाही, पायाने सांगायचा. अमुक होईल असं वाटणाऱ्यांनी खिडकीकडे जायचं, तमुक होईल असं वाटणाऱ्यांनी कपाटाकडे. मध्ये कुणी थांबायचं नाही. एखादा बिचारा एका बाजूला एकटाच राहिला, तर त्याने कारण सांगायचं आणि प्रयोगही त्यानेच स्वतःच्या हाताने करायचा. एकदा मुख्याध्यापक सहज डोकावले आणि मधोमध उभे राहिले. “मी नुसता बघायला आलोय,” म्हणाले. साडूंनी अतिशय नम्रपणे सांगितलं, “सर, बाजू घेतल्याशिवाय इथे काही दिसत नाही.” मुख्याध्यापक कपाटाकडे गेले आणि चुकले. मुलांनी रिवाजाप्रमाणे चुकलेल्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पुढचे काही शनिवार सर व्हरांड्यातूनच बघत असत, पण बघत असत.

एवढी वर्षं मी या मंडळाची मनसोक्त टिंगल केली. मग आमच्या मुलीचं, मुक्ताचं ते झालं.

मुक्ता तेव्हा आठवीत होती. तिच्या आधीच्या शाळेत एकदा तिचं उत्तर चुकलं, वर्ग हसला, आणि बाईंनाही त्याची गंमत वाटून त्या ते उत्तर पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना ऐकवत राहिल्या. पोरगी वर्गात बोलायची थांबली. पुढे पुढे घरातही. काही विचारलं की खांदे उडवायची किंवा आईच्या कानात पुटपुटायची. आम्ही डॉक्टर केले, शाळा बदलली, तिला साडूंच्याच शाळेत घातलं. रात्री आम्ही नवराबायको एकमेकांना धीर देत असू आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नसे. आपली मुलगी पुन्हा कधी मोकळी बोलणारच नाही की काय, या भीतीने माझी झोप उडाली होती. साडू मात्र नेहमीच्या सुरात म्हणाले, “शनिवारी पाठवा माझ्याकडे. तिथे बोलावं लागत नाही. नुसतं उभं राहायचं असतं.”

ती जाऊ लागली. जिकडे जास्त मुलं असतील तिकडे, त्यांच्या पाठीमागे उभी राहायची. साडूंनी तिला एक शब्द विचारला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी न राहवून त्यांना गाठलं. “दादा, काही फरक?”

“उभी छान राहते,” ते म्हणाले. मला हसावं की चिडावं कळेना. मी चिडलो.

द्राक्षांचे दिवस आले. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराचा मुलगा मंडळात होता. त्याने घरून एक पिकलेला घड आणि एक हिरवा, कच्चा घड आणला. साडूंनी काचेच्या बरणीत साखरेचं पाणी केलं आणि सवाल टाकला, “एक गोड द्राक्ष, एक आंबट. यातलं बुडणार कोण?” मी नेमका मुक्ताला घ्यायला गेलो होतो. दारात दिसताच मलाही आत ओढलं. बागायतदाराचा मुलगा ऐटीत कपाटाकडे चालू लागला, “गोड बुडनार!” म्हणाला, आणि द्राक्षातलं त्याला नाही कळणार तर कुणाला, म्हणून सगळं मंडळ त्याच्या मागे गेलं. मीही गेलो. वळून बघतो तर खिडकीपाशी मुक्ता एकटी.

मी डोळ्यांनी खुणावलं, इकडे ये. तिने मान हलवली. नाही.

“अजून वेळ आहे हं. कुणाला बाजू बदलायची?” साडूंनी विचारलं. कुणी हललं नाही. “मग मुक्ता, आंबट बुडेल असं का वाटलं तुला?”

मी तिच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. ते स्वतः खिशातला दोरा सोडवत बसले, जणू त्यांना आज दुसरं काही काम नव्हतं.

“आंबट द्राक्ष घट्ट असतं,” मुक्ता म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “घट्ट असतं ते जड असणार.”

“पक्कं?”

“पक्कं.”

तिने स्वतःच्या हाताने दोन्ही द्राक्षं बरणीत सोडली. गोड द्राक्ष सरळ तळाला गेलं. आंबट वर डुलत राहिलं.

पोरांनी एकच गिल्ला केला. आता संपलं, मला वाटलं, ही आता जन्मात तोंड उघडणार नाही. मुक्ता बरणीवर वाकली, काचेला नाक लावलं आणि जवळजवळ ओरडली, “असं कसं? घट्ट आहे ना ते! परत टाकू या!”

परत टाकलं. आणखी परत. प्रयोगाचं साहित्य मुलं खाऊ लागली तेव्हा कुठे सगळे थांबले. गोड द्राक्षात साखर जास्त, म्हणून ते जड, हे साडूंनी सांगितलं नाही. भांडत भांडत मुलांनीच काढलं, आणि सगळ्यात जास्त भांडली मुक्ता. टाळ्या झाल्या. तो बागायतदाराचा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, ती चुकली पन तिच्याकडं कारण तरी होतं. आमी नुसतेच बरोबर हाये.” साडूंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि बराच वेळ पुसला.

बाहेर पटांगणात मी त्यांचे हात धरले. “आभार राहू द्या,” ते म्हणाले. “तिला घरी घेऊन जा. आणि एक करा, वाटेत तिला काही समजावून सांगू नका.”

नाही सांगितलं. स्कूटरवर मागे बसून ती बोलत होती. द्राक्षं, साखर, मीठ, समुद्र, आणि मी गर्दीबरोबर का गेलो याचा जाब. वाऱ्यामुळे अर्धं ऐकूच येत नव्हतं. घराचं वळण आलं तेव्हा मी वळलो नाही. सरळ गंगापूर धरणाच्या रस्त्याने जात राहिलो. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आता ती शिकायला परगावी असते, आणि साडू निवृत्त झालेत. त्यांचे आभार मानायचे तसेच राहून गेले आहेत. अधूनमधून संध्याकाळी मी उगाच स्कूटर काढून त्या रस्त्याला जातो. रस्ता पूर्वीपेक्षा चांगला झालाय, पण मागे कुणी बोलत नसलं की धरण फार लवकर येतं.