एकट्यानं चालायचं नाही

सोलापुरातल्या निम्म्या घरांत मी ‘मालिशवाली बाई’ होते. खरं तर मी दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात मदतनीस. लकव्याचे, पोलिओचे पेशंट घरी गेले की त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला मला पाठवत. मी दारात दिसले की कुणीतरी तेलाची वाटी पुढं करायचं. “मालिश नाही हो, व्यायाम,” हे सांगून सांगून मी कंटाळून गेले होते.

सत्तरचं दशक ते. गिरणीच्या चाळीत एक काका होते. मूळचे माळशिरसकडचे, उंचेपुरे, सगळी उमर मागावर उभं राहून काढलेली. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. पण दवाखान्यातून निघताना पायात जोर येऊ लागला होता. पडून न राहता रोज उठवलं, तर हा माणूस चालणार याची मला खात्री होती.

अडचण होती ती काकूंची. बुटक्या, काटक बाई. मी सांगेन त्याला “व्हय बाई, व्हय” म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की काकांना परत आडवं करायच्या. मी काकांना डाव्या हातानं जेवायला शिकवलं. पुढच्या वेळी गेले तर काकू दुधात भाकरी कुस्करून घास भरवत होत्या. मी खाटेवरून पाय खाली सोडून बसायला शिकवलं, तर त्यांनी पाठीमागं आणखी एक उशी रचून ठेवली. शेजारणी कौतुकानं बघायच्या. “लई सेवा करतीय,” म्हणायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग काकूंची आई आजारी पडली आणि त्या माहेरी गेल्या. मुलगा दिवसभर कारखान्यात. मी दुपारी गेले तर खाट रिकामी! काका मोरीपाशी भिंतीला धरून उभे होते, हातात तांब्या.

“तान लागली हुती,” ते म्हणाले. “घरात कोन न्हाय.”

मला इतका आनंद झाला की त्यांना शाबासकी द्यायचंही सुचलं नाही. पुढच्या खेपांना मी काठी आणली. आधी दारापर्यंत, मग ओट्यावर, आणि एके दिवशी काका एकटे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेले. तिथं त्यांच्या गिरणीतल्या सोबत्यांनी त्यांना बाकावर जागा करून दिली. मी लांबून बघत होते.

काकू परत आल्या. मी गेले तर काका खाटेवर आडवे आणि काठी माळ्यावर.

“काकू, ते कोपऱ्यापर्यंत एकटे जात होते.”

“आन् पडले असते म्हंजे?”

“पडले नाहीत ना! काका, तुम्ही तरी सांगा.”

काका आढ्याकडं बघत म्हणाले, “ऱ्हाऊ दे की बाई.”

मी पिशवी उचलून तरातरा बाहेर पडले. काकू मागोमाग नळापर्यंत आल्या.

“तुमचं लगीन झालंय का?”

“नाही.”

“मग कसं कळावं तुमाला? इतकी वर्सं ह्ये गिरणीच्या पाळीवरनं सुटले की परस्पर जायाचे. कुटं जायाचे, ते समद्या चाळीला ठावं. आता म्या हाक मारली की ओ देत्यात. आन् तुमी त्यास्नी परत कोपऱ्यापतूर न्हेऊन सोडलंय.”

राग काकांचा आला, काकूंचा आला, आणि हे सगळं माझ्या गळ्यात घालणाऱ्या दवाखान्याचाही आला. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “घरच्यांना नको असेल तर भेटी बंद कर. बाकीचे पेशंट आहेत.” त्यावर मी जास्तच पेटले आणि दुसऱ्याच दिवशी चाळीत गेले.

“असंच निजवून ठेवलंत तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल. मग हाक कुणाला मारणार? तुम्हीच चालवा त्यांना. तुम्ही धरून.”

काकूंनी विचारलं, “म्या धरायचं?”

“तुम्हीच.”

मी काकांकडं वळले. ते म्हणाले, “एकट्यानं लई फिरलो बाई. धरू दे तिला.”

तेव्हापासून दोघं रोज तिन्हीसांजेला निघू लागली. काकूंची काकांच्या दंडावर घट्ट पकड. त्यामुळं काका एका अंगाला कलून चालायचे, मी शिकवलेली चाल पार बिघडली. “हात सैल सोडा,” म्हटलं की मी असेपर्यंत त्या सोडायच्या.

“पेशंट चालतोय ना? मग झालं,” डॉक्टर म्हणाले. भेटी संपल्या. चालतोय हे खरंच होतं.

पुढं एकदा संध्याकाळी बसची वाट बघताना मला ती दोघं पानपट्टीपाशी दिसली. काका सोबत्यांशी हसत बोलत होते. काकू शेजारी उभ्या, दंड धरूनच. काकांनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. रस्ता ओलांडून जावं आणि ‘एकदा तरी सोडून बघा हो’ म्हणावं, असं फार वाटलं. तेवढ्यात बस आली. मी चढले, आणि घरी पोचेपर्यंत धुमसत राहिले.