आकड्यामागच्या दोन रेघा

कुठलाही आकडा लिहिला की मामा त्याच्या शेपटीला दोन आडव्या रेघा ओढायचे. "रेघ मारली की मागून कुणी घुसत न्हाई, ताई."

बीडच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते नोंदणी कारकून, सगळ्यांचेच मामा. मी पुण्याहून संगणकाचा कोर्स करून आलेली. केस आखूड, अक्कल त्याहून आखूड.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मोतीबिंदूच्या रुग्णांच्या गावोगावच्या याद्या मी संगणकात घातल्या. प्रत्येक गावाला क्रमांक, नेकनूरला चार. रद्द नावं काढायला मामांनी क्रमांक टाइप करायचा, की माझा प्रोग्रॅम तो जसाच्या तसा संगणकाला द्यायच्या हुकमात चिकटवणार: 'पुसा ती नावं, ज्यांचं गाव ४ आणि नोंद रद्द.' मोठ्या ऐटीत मी हे मामांना दाखवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझा आकडा तुमच्या हुकमात कावून कालवता? हुकूम येगळा ठेवा, आकडा येगळा घ्या. मंग तपासता तरी येतंय."

"मामा, तुम्ही बोटं सांभाळा, डोकं मी सांभाळते."

हसा. मीही हसते आता, तोंड झाकून.

महिन्याभरात मामांनी सवयीनं चारच्या शेपटीला दोन रेघा टाइप केल्या. संगणकाच्या लेखी दोन रेघा म्हणजे पुढचं वाचू नको. 'नोंद रद्द' ही अट त्यानं वाचलीच नाही. अख्खं नेकनूर पुसून टाकलं. यादीची दुसरी प्रत ठेवायचं या शहाणीला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मामा माझ्याकडे बघत होते.

"टाइप करताना चुकलं," मी म्हणाले. टाइप कोण करतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा चार दिवस एसटीनं नेकनूरला गेले, घरोघर हिंडले, यादी हातानं नव्यानं लिहिली. "एकबी म्हातारी सुटली न्हाई, ताई." तरी त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. 'चूक माझ्या प्रोग्रॅमची' एवढं एकच वाक्य त्यांना वाचवू शकत होतं. ते मी गिळलं.

जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. यादी टेबलावर ठेवली. "येगळं येगळं देतोय," म्हणाले, आणि हसले.

दुसऱ्या दिवशी मी आकडा हुकमातून काढला, वेगळा दिला. अर्ध्या तासाचं काम. चार आणि दोन रेघा टाइप करून पाहिल्या. पडद्यावर उमटलं, 'हा आकडा नाही.' "बघा मामा," म्हणत वळले, तर खुर्ची रिकामी.

समोर त्यांची यादी होती. खाली नावांची एकूण संख्या, तिच्यामागे दोन रेघा. मागून काही घुसायला जागाच नव्हती. माझ्या त्या गिळलेल्या वाक्यालाही.