भोजराजभाऊच्या नावचं पाकीट

अड्याळजवळच्या एका लहान गावात भोजराज तितिरमारे तीस वर्षं डाक वाटत आले होते. गावचं डाकघर म्हणजे एक खोली. तिथले पोस्टमास्तरही तेच अन् पोस्टमनही तेच. कोणाचा पोरगा कुठं नोकरीला, कोणाची पेन्शन अडली, सगळं त्यांना ठाऊक. पण सांगतील तर शपथ.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला सकाळी त्यांनी डाकेची थैली उघडली, तर एका पाकिटावर त्यांचंच नाव. वाहतूक पोलिसांकडून आलेलं. भोजराजभाऊंचे कान गरम झाले. आत काय असणार ते त्यांना पक्कं माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. चार तारखेच्या सकाळी गावातल्या चंद्रकांताबाईच्या मुलीला, रिताला, नर्सच्या नोकरीचं बोलावणं आलं. पोरीनं अर्जावर लाखांदूरच्या मामाचा पत्ता दिला होता, मोबाईल नंबरही मधे बदललेला. पत्र तिकडून फिरून इथं पोचलं तेव्हा साडेनऊ वाजले होते, अन् नागपूरला कागदपत्रं दाखवायची होती त्याच दिवशी, दुपारी एकच्या आत. रिता पत्र हातात धरून दारातच खाली बसली. भोजराजभाऊंनी साहेबांना फोन करून रजा टाकली, शेजाऱ्याचं हेल्मेट मागून तिच्या डोक्यावर ठेवलं अन् म्हणाले, "बस मांगं. रडाचं मंग पाहू."

भंडाऱ्याच्या स्टँडवर पोचले तर नागपूरची बस नुकतीच सुटलेली. दुसरीला तासभर वेळ. मग त्यांनी आपली जुनी मोटारसायकल महामार्गाला घातली. शहापूरजवळ साठच्या वेगमर्यादेची पाटी दिसली. दिसली, पण पुढं बसही दिसत होती! बस त्यांनी गाठली, हात दाखवून थांबवली, पोरीला चढवलं. त्या पाटीजवळच्या कॅमेऱ्यानं आपलं काम केलं होतं.

आता पाकीट हातात होतं, पण त्यांनी ते फोडलं नाही. पत्ता घरचा, तर वाटपही घरीच. त्यांचं घर फेरीत सगळ्यात शेवटी. मग गावभर डाक वाटत ते पाकीट थैलीतच फिरलं. दीड वाजता स्वतःच्या फाटकात उभं राहून त्यांनी आवाज दिला, "डाक!"

बायको रुखमाबाई धानाचं सूप हातात घेऊनच बाहेर आल्या. "काहून ओरडून राहिले? आपल्याच घरी येऊन राहिले ना?"

"सही कर. तितिरमारे ह्यायच्या नावाचं हाय."

जेवताना भाचा बंटी आला. त्याचं अड्याळला ऑनलाइन कामाचं दुकान. त्यानं नोटीस वाचली अन् एकदम खुलला. "मामाजी, गुन्हा झाल्यावर पंधरा दिवसांत नोटीस याले पायजे म्हणते. शिक्का तं तुमच्याच हातात हाय. अठराच्या जागी बावीस मारा. मुदत गेली, मामला खतम!"

भोजराजभाऊंनी घास खाली ठेवला. "पयले नीट वाच. मुदत धाडाची रायते, भेटाची नाही. चौदाले धाडलं हाय त्यायनं, दहाव्या दिवशी. अन् भेटाची जरी असती, तरी मी खोटी तारीख टाकली असती का? तीस वर्षं लोकं माह्या शिक्क्यावर भरोसा ठेवून राहिले ना बाबू."

"पण तुम्ही त्या पोरीसाठी गेले होते. तसं लिहून देऊ."

"गेलो पोरीसाठीच. पण जोरात गेलोच ना? रस्त्यात कोनाचं लेकरू आडवं आलं असतं तं? त्या रात्री झोप नाही लागली मले."

बंटीनं त्यांच्याकडून पैसे घेऊन मोबाईलवरून तिथंच दंड भरून टाकला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी चंद्रकांताबाई डोळे पुसत आल्या, दंड आम्ही देतो म्हणाल्या. भोजराजभाऊंनी त्यांना खाटेवर बसवलं. "वयनी, पोरगी लागली ना नोकरीले? मंग झालं. माहा दंड माह्यापाशी राहू द्या."

रुखमाबाईंनी मात्र नोटिशीवरचा फोटो घेऊन चष्मा चढवला. मोटारसायकलवर वाकलेले भोजराजभाऊ, मागं त्यांचा शर्ट घट्ट धरलेली रिता. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "चंद्रकांता, पाह्य वं. आमच्या लग्नात मांडवात पोचाले ह्यायले दोन घंटे उशीर झाला होता. अन् इथं पाह्य कसे चालले!"

चंद्रकांताबाई रडता रडता हसायला लागल्या. भोजराजभाऊ लाजून चहा ठेवायला आत गेले.