खालाच्या जावयाचे शर्ट

१९९७ साल. मी तेव्हा छप्पन वर्षांचा. वय मला पक्कं ठाऊक आहे, कारण अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि उर्दूत दोन यत्ता झाल्या होत्या. त्या धामधुमीत शाळा बंद पडली. नंतर ती उघडली, पण मी काही गेलो नाय. तरी औरंगाबादेत आमची सगळी गल्ली मला मास्तरच म्हणायची. शिंप्याला शाळा लागत नाय, हात लागतो.

त्या साली पुण्याहून एक बाई आल्या. आखातात कामाला गेलेली माणसं आपल्या गल्लीशी कशी जोडून राहतात, कोण कुणाशी बोलतं, कुणाच्या हाती काय धाडतं, याचा त्यांचा अभ्यास. आमच्याकडची लई पोरं मस्कतला गेलेली. एकानं दुसऱ्याला नेलं, दुसऱ्यानं मेव्हण्याला. बाईंना बसायला जागा पाहिजे होती आणि माझं कापायचं टेबल गल्लीत सगळ्यांत मोठं. म्हणलं, बसा.

माझ्याच खडूनं त्यांनी टेबलावर एक रेघ मारली. अलीकडं गल्ली, पलीकडं मस्कत. माझ्याच डब्यातली बटणं घेतली, दर माणसाला एक. ज्यांचं बोलणं होतं त्यांच्यामध्ये धागा ठेवायचा. धागाबी माझाच. गुरुवारी दुपारी सगळ्या बाया टेबलाभोवती जमल्या.

शेजारच्या खालाचा जावई मस्कतला, आणि गल्लीतला एकुलता फोन तिच्या घरात. तिच्या बटणाला इतके धागे लागले की बटण दिसेना.

"ये तो गोधडी हो गई," खाला म्हणाली आणि स्वतःच खुश झाली.

माझं बटण मीच निवडलं होतं. कोटाचं, पितळी. मधोमध ठेवलेलं. त्याला एक धागा नाय.

कारण गल्लीला ठाऊक होतं, बाईंना नव्हतं. माझा एकुलता पोरगा चार वर्षांमागं एसी दुरुस्तीच्या कामावर मस्कतला गेला. जाताना मी बजावलं होतं, दुकान सोडून चाललास तर परत मला आवाज ऐकवू नको. पोरगं माझ्यावर गेलेलं. त्यानं तंतोतंत ऐकलं. आता आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न होता, आणि बाप आधी बोलत नसतो. हे माझं मत आजही आहे.

"काका, तुमचं बटण उचलते हं," बाई म्हणाल्या. "पलीकडं तुमचं कुणाशीच बोलणं नाही. म्हणजे तुम्ही अभ्यासाच्या बाहेर."

"टेबल माझं, खडू माझा, बटणं माझी, अन् मीच बाहेर?"

तेवढ्यात माझी बायको आपला धागा हळूच खालाच्या बटणाकडं सरकवत होती. दोन-चार बायांना एकदम खोकला आला. मस्कतात शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी सकाळी आमच्या घरातली साखर संपायची, बायको वाटी घेऊन खालाकडं जायची आणि तासाभरानं यायची, कधी कधी वाटी रिकामीच. मी बिनसाखरेचा चहा पिऊन गप.

बाईंचा हात माझ्या बटणाकडं आला. मी बटणावर कात्री ठेवली.

"थांबा. खाला, तुमच्या जावयाचे शर्ट कोण शिवतं?"

"तुम्हीच की, मास्तर."

"जावई ईदला आला होता. शेवग्याची शेंग नुसती. मी शिवतो त्या शर्टात तसले दोन जावई बसतील."

"ढीला पहनते ना वो," खाला म्हणाली, पण माझ्याकडं न बघता.

"बरं. छाती, लांबी, गळा तुम्ही सांगता. डाव्या खांद्यात पॅड घाला असं कधी सांगितलं?"

"नाय."

"मी आपल्या मनानं घालतो. लहानपणी ह्याच टेबलावरून पडून खांदा कुणाचा उतरला? तुमच्या जावयाचा व्हय?"

बायकोनं कपाळाला हात लावला. "अवं, म्हंजी पहिल्यापासनं ठाऊक व्हतं तुम्हाला?"

"पहिल्या शर्टापासनं."

"मंग मला चोरावाणी साखर कशापायी आणायला लावली?"

"मी कधी म्हणलं, साखर आण?"

"या अल्लाह!" खाला कडाडली. "चार साल मैं झूठ बोलके गुनाह कमाई, अन् ह्या मास्तरनं बसून मजा बघितली!"

बाईंना मात्र आनंद झाला. "म्हणजे धागा आहे तर! पण बोलणं होतं का?"

"नाय."

मग त्यांनी धाग्याचे बारके तुकडे केले आणि माझ्या बटणापासून मस्कतपर्यंत सुटे सुटे मांडले. म्हणाल्या, ही अर्धी जोडणी. उद्या दुपारी सगळं कागदावर उतरवून नेते, जसं आहे तसं.

मी बघत राहिलो. तो सरळ सरळ कच्चा टाका होता. कच्चा टाका आम्ही माप बघण्यापुरता घालतो, मग पक्की शिलाई मारून उसवून टाकतो. कच्च्या टाक्यावर माझ्या दुकानातून लंगोटसुद्धा बाहेर गेलेला नाय, आणि हा पुण्याला जाणार! त्या दिवशी उरलेलं काम मी मांडीवर घेऊन केलं. टेबलाला हात लावला नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको वाटी घेऊन निघाली. म्हणलं, "वाटी इकडं दे. साखर मी आणतो." गळ्यातली टेपही काढली नाय, तसाच गेलो. मला दारात बघून तांदूळ पाखडणाऱ्या खालाच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. फोन वाजला. ती उठेना, नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी उचलला.

"हॅलो, आई?"

आधी तो बोलला, एवढं लक्षात ठेवा.

"आई नाय. तुझं माप जुनं झालंय. गळा केवढा झाला?"

तिकडून बारीक आवाजात, "टेप नाय माझ्याकडं, दादा."

"मग माप द्यायला ये," म्हणलं आणि फोन खालाच्या हातात दिला. रिकामी वाटी घेऊन दुकानात आलो, टेबलावरचे तुकडे फुंकून टाकले आणि माझ्या बटणापासून मस्कतपर्यंत रिळातला सलग धागा घातला. दुहेरी.