अबायाच्या आतलं पिस्तूल

बायकोचा काळा, पायघोळ अबाया अंगावर चढवून मी आमच्या अल सद्दच्या ऑफिसात, कॉन्फरन्स रूमच्या मधोमध उभा होतो. आत, कमरेला रबराचं डमी पिस्तूल.

"काही दिसतंय का, साहेब?" असं म्हणून मी ऐटीत गिरकी घेतली. पिस्तूल पँटच्या पायातून घरंगळत खाली आलं आणि माझ्या बुटावर आपटलं.

चूक माझीच. पिस्तूल ज्या कव्हरात राहतं त्याला होल्स्टर म्हणतात. त्याची क्लिप कमरेच्या पट्ट्याला घट्ट बसवायची असते. मी अबाया सावरण्याच्या नादात ती शर्टाला अडकवली होती. नेव्हीत पंधरा वर्षं हत्यारं सांभाळलेला माणूस मी! सगळे हसले. फक्त पाटणकर हसले नाहीत. ते आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, पुण्याचे. काम काढायचं असलं की माझ्याशी मराठीत बोलतात.

"मुकादम, म्हणजे हे पिस्तूल जड आहे. बायकांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात छोटं मागवू."

"साहेब, पिस्तूल जड नाहीये. मी बावळट आहे."

"ते आहेच. पण छोटंच मागवू."

इथे आखातात कुणीही उठून कमरेला पिस्तूल लावू शकत नाही. आमच्या सिक्युरिटी कंपनीकडे मोजक्या गार्डांपुरते परवाने आहेत. त्यांना शिकवणं आणि त्यांची टेस्ट घेणं ही माझी नोकरी. एका मोठ्या घराण्याचं काम आम्हाला मिळालं होतं. इकडच्या लग्नात बायकांचा हॉल वेगळा असतो. पुरुष गार्ड बाहेर गाडीत बसून राहतात. म्हणून आत जाण्यासाठी बायका गार्ड हव्या होत्या, अबाया घातलेल्या, पिस्तूल कुणाला न दिसणाऱ्या.

आता अबाया एवढा घोळदार की त्यात शिवणयंत्रसुद्धा लपेल. लपवण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता वेळेला बाहेर काढण्याचा आणि काढल्यावर नेम लागण्याचा. पहिल्यावर मी उपाय काढला होता. अबायाला उजव्या बाजूला टिचबटणं लावायची, एक हिसका दिला की उघडली. दुसऱ्यासाठी मी कॉम्पॅक्ट पिस्तूल निवडलं होतं. कॉम्पॅक्ट म्हणजे पुरुष गार्डांकडे असतं त्याचंच धाकटं भावंड. नळी थोडी आखूड, मूठ थोडी आखूड, पण पंजा पुरेसा बसतो.

आली मात्र खेळणी! तळहातात मावतील एवढी. वर आणखी जांभळ्या मुठीची. "लेडीज आहेत ना," पाटणकर म्हणाले.

माझं डोकं तिथेच फिरलं. हलकं पिस्तूल बाईमाणसाला सोपं, हा समज नेमका उलटा आहे. गोळी सुटली की पिस्तूल मागे धक्का देतं. पिस्तूल जितकं हलकं तितका तो धक्का हाताला जास्त बसतो. मूठ एवढीशी की दोन बोटं बसतात, करंगळी हवेत. शिवाय वरची सरकणारी स्लाइड मागे ओढायची तर स्प्रिंग कडक. मी हे सगळं मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं, "नोटेड." ऑफिसच्या भाषेत याचा अर्थ, गप्प बस.

सरिता आमची सगळ्यात चांगली गार्ड. नेपाळची, तिथल्या पोलिसात होती. मोठ्या पिस्तुलावर तिचा नेम माझ्यापेक्षा बरा. जांभळ्यावर ती पहिल्या टेस्टला नापास झाली. दुसऱ्यांदा नापास म्हणजे काँट्रॅक्ट खलास, परतीचं तिकीट. दुसऱ्या टेस्टला, शूटिंग रेंजवर, रिकामं काडतूस दोनदा स्लाइडमध्ये अडकलं. तिने ते झटकून काढलं, पुन्हा नेम धरला. तरी मार्क कमीच पडले. तिने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"सर, हाथ में ठहरता ही नहीं," एवढंच म्हणाली.

पाटणकर काचेमागून बघत होते. आत येऊन म्हणाले, "रिपोर्ट लिहा. अनफिट. मला वाटलंच होतं, बायकांचं हे कामच नाही."

"आधी मला मारू द्या," मी म्हणालो. माझा आवाज रेंजभर गेला असावा. "हेच पिस्तूल, हीच टेस्ट. मग लिहितो."

"तुमचा काय संबंध?"

"सही माझी लागते ना? मग संबंध आहे."

खरं सांगतो, मला पास व्हायचं होतं. रागात असलो तरी मी इन्स्ट्रक्टर. चार माणसांसमोर, त्यातही पाटणकरांसमोर, नापास व्हायची हौस कुणाला असते? मी जीव तोडून मारलं. स्लाइडने अंगठ्याजवळची कातडी सोलली. टार्गेट जवळ आलं तेव्हा सरिताने खाली बघितलं. माझे मार्क तिच्याहूनही कमी होते.

"मुद्दाम चुकवलंत!" पाटणकर ओरडले.

"मुद्दाम चुकवायलासुद्धा नेम लागतो, साहेब. तोही लागत नव्हता." हाताला रुमाल गुंडाळत मीही ओरडलो. "आता तिला अनफिट लिहा आणि खाली मलाही लिहा. दोन तिकिटं काढा. पण नापास इन्स्ट्रक्टरची सही तिच्या रिपोर्टवर चालत नाही, हा कंपनीचाच नियम आहे. मग सही कोण करणार? तुम्ही? म्हणत असाल तर पिस्तूल भरून देतो, मारून दाखवा!"

पाटणकरांनी पिस्तुलाकडे पाहिलं, मग माझ्या रुमालावरच्या रक्ताकडे. म्हणाले, "आवाज खाली करा, मुकादम."

"नाही करणार. महिनाभर खालीच होता."

ते निघून गेले. संध्याकाळी मेल आला. "टेक्निकल कारणास्तव" सरिताची टेस्ट रद्द, कॉम्पॅक्टवर नव्याने घ्यावी. माफी नव्हती, मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. पुढच्या आठवड्यात अबाया घालून, टिचबटणं उघडून सरिताने टेस्ट दिली आणि आरामात पास झाली. जांभळी पिस्तुलं आता आमच्या शस्त्रागाराच्या कपाटात पडून आहेत. पाहुणे आले की पाटणकर ती कौतुकाने दाखवतात.

या धंद्यात मला एवढंच कळलं. पिस्तूल निवडायचं ते चालवणाऱ्याच्या हाताला विचारून. निवडणाऱ्याच्या डोळ्यांना काय, काहीही आवडतं.

मेल आला त्याच रात्री अल अझीझियाच्या घरी मी रेंजवरचं सगळं बायकोला, नसीमाला सांगितलं, थोडं फुगवून, ओरडण्याचा भाग दोनदा. ती माझ्या अंगठ्याला मलम लावत ऐकत होती. मलमाची ट्यूब बंद करून म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत तुमच्या नापास होण्याचा कुणाला तरी उपयोग झाला."