भुईवरची फुले

दहाएक वर्षांपूर्वी चारोटीजवळच्या देवीच्या देवळाबाहेर एक बाई झेंडूचे हार विकत. मी दर मंगळवारी त्यांच्याकडूनच हार घेई, पण त्यांचे नाव कधी विचारले नाही. हात फुले ओवीत असत आणि लक्ष शेजारी बसलेल्या पंचविशीतल्या लेकीकडे असे.

एका मंगळवारी बाई तिला सहज म्हणाल्या, "आज गिऱ्हाईक जास्त आहे, तू हो पुढे घरी."

"मी नकोच आहे ना तुला," म्हणत लेकीने फुलांची टोपली रस्त्यावर भिरकावली आणि दूर जाऊन रडत उभी राहिली.

मी फुले उचलायला वाकलो. बाई म्हणाल्या, "राहू द्या बाबा, तिची ती उचलेल. डॉक्टर बॉर्डरलाइनचा आजार म्हणतात, मनाचा. मी जराशी लांब झाले, की तिला वाटतं आई सोडून चालली. लोक सांगतात, भगताकडे ने, नाहीतर काढ घराबाहेर."

"मग आपण काय करता?"

"बसून राहते. येते ती."

काही वेळाने ती खरोखरच आली आणि खाली मान घालून फुले वेचू लागली.

"टाकशील मला?"

"नाही. पण परत टोपली फेकलीस, तर उचलायची तूच."

भुईवर पडलेली फुले देवाला वाहत नाहीत. बाईंनी ती विकायला ठेवली नाहीत. "आपल्या दाराला बांधू," म्हणून सुईदोरा लेकीच्या हाती दिला.

हारासाठी फुले उरली नव्हती, म्हणून मी हाराविनाच गाभाऱ्यात गेलो. देवीला एवढेच विनवले, की ही मुलगी जेव्हा जेव्हा परतेल, तेव्हा तिची आई तिथे बसलेली असू दे.