हाय म्हणायचं राहिलं

गिरणीचा भोंगा झाला की तो शेजारच्याचं मनगट धरायचा. शेजारी कोण ते बघायचा नाही. मी असो, आमच्यावरचा जॉबर असो, एकदा तर दहीवाली होती. धरायचा आणि विचारायचा, "आसस मा रे?" म्हणजे आहेस ना रे. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण भोंग्याला तोंडात गावची मालवणी यायची. आपण "हाय" म्हटलं की मनगट सोडायचा, कामाला लागायचा.

त्या वर्षांत तुम्ही भोईवाड्याकडे राहत असाल तर तुम्हीही हसला असाल. लढाईवरून आलेला गडी, छाती दाराएवढी, आणि अंघोळ लोट्यालोट्यानं, डोळे उघडे ठेवून. साबण झोंबायचा, पाणी गळायचं, पण डोळे मिटायचा नाही. चाळ त्याला मिल्ट्री म्हणायची. चेष्टेत मी सगळ्यांच्या पुढे.

मी चौथी नापास. पण आवाज मोठा. मोर्चात घोषणा मीच द्यायचो. लालबागच्या नाक्यावर मी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हटलं की "झालाच पाहिजे" परळपर्यंत जायचं. त्या आवाजाचा मला माज होता. खोटं कशाला सांगू, अजून थोडा आहे.

एका रविवारी बघतो तर हा गॅलरीत बालदीत तोंड बुडवून बसलेला. वर काढतो, परत बुडवतो.

"काय रे मिल्ट्री, मासा सापडला का?"

"सवय करतोय," तो म्हणाला. "घारापुरीपासून अपोलो बंदरापर्यंत पोहायचंय."

मी हसलो. तो हसला नाही. तोंड पुसत त्यानं सांगितलं. लढाईत त्यांचं जहाज बुडालं. पाण्यावर तेल पेटलं, धुरानं काही दिसेना. याच्या हाती एक फळी लागली. याच्याच गावचा जोडीदार धुरात कुठंतरी हाक मारत होता, "आसस मा रे?" तीन वेळा.

"मी बोललो नाही," तो म्हणाला. "फळी एकट्याचीच होती."

त्यानं बालदी बाजूला सारली. मग म्हणाला, "मधे पाण्यात मी हाक मारीन. होडीतून कोणीतरी जबाब द्यायला पाहिजे. तुझा आवाज मोठा आहे. येशील?"

"येईन म्हणजे? मी कृष्णाकाठचा माणूस. पुरात उड्या मारल्यात."

गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी गेलो नव्हतो.

पावसाळा सोडून वर्षभर तो पाळीच्या आधी दादरच्या किनाऱ्यावर जायचा. मी टॉवेल धरून सोबत. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत गेला आणि वाळूत येऊन ओकला. महिन्यानं कमरेपर्यंत. मग एक दिवस आडवा झाला आणि लहानपणी शिकलेलं पोहणं आपोआप परत आलं. "घाटी, तू पण ये की!" आतून ओरडायचा. मी म्हणायचो सर्दी आहे. माझी सर्दी वर्षभर टिकली.

शेवटी तो दिवस आला. होडी एका कोळ्याची. पोहण्याच्या मंडळाचा एक पंच बरोबर होता. त्यानं बजावलं, पोहणाऱ्यानं होडीला हात लावला किंवा होडीतल्यानं त्याला, तर सगळं फुकट. म्हणून ग्लुकोजच्या पाण्याचा डबा लांब बांबूला बांधून पुढं करायचा. ते काम माझं. आणि जबाब द्यायचं.

दोन तास झकास गेले. तो विचारायचा, मी "हाय!" म्हणायचो, समुद्र दणाणायचा. कोळी हसायचा.

मग एक आगबोट जवळून गेली आणि तिचा भोंगा झाला. डिट्टो आमच्या गिरणीचा. तो पाण्यात थांबला. पाठोपाठ आगबोटीच्या लाटा आल्या, होडी कलली, आणि मी तळाला पालथा पडलो. बसायच्या फळीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"आसस मा रे?"

मी फळीत तोंड खुपसलं.

"आसस मा रे?" आवाज पातळ झाला होता.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कोळीच वल्ही आवळून ओरडला, "हाय रं, हाय!" पाण्यात हात परत चालू झाल्याचं मला पडल्यापडल्या ऐकू आलं. पंचानं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

अपोलो बंदरावर चाळ लोटली होती. "झालाच पाहिजे" चाललं होतं. पायऱ्या तो स्वतः चढला. गळ्यात हार पडला, तो काढून त्यानं माझ्या गळ्यात घातला. "ह्याच्या आवाजावर आलो."

मी तो घालून मिरवलो. कोळी खाली होडी बांधत होता.

दुसऱ्या दिवसापासून भोंग्याला त्यानं कुणाचं मनगट धरलं नाही. अंघोळीला बालदीच डोक्यावर उपडी करायचा, डोळे गच्च मिटून. आणि मी चाळीला सांगत सुटलो, कशी हाक मारली, कसा जबाब दिला. बायकोलाही तेच सांगितलं. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढं गिरणी सोडून तो कायमचा गावी निघाला. आदल्या दिवशी वळकटी बांधता बांधता म्हणाला, "तो आवाज कोळ्याचा होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग हार कशाला घातलास?"

"तीन हाका ऐकून गप्प बसलेला माणूस पुढं कसा जगतो, ते मी बघितलंय. तुझं तसं व्हायला नको."

तिथं मान खाली घालायला हवी होती. मी ओरडलो, "मीच बोललो होतो! तुझ्या कानात पाणी गेलं असेल!" सगळ्या चाळीनं ऐकलं.

"बरं," तो म्हणाला, आणि वळकटीची गाठ मारली.

एवढी वर्षं तो गावी जायचा तो घाटातून, गाडीनं. या खेपेला भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं निघाला. मी गेलो होतो. माफी मागायची म्हणून गेलो, आणि त्याची ट्रंक चढवली, एवढंच. बोट सुटली. भोंगा झाला. तो कठड्याशी उभा होता. त्यानं कुणाचा हात धरला नाही, काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून हसला फक्त.

"अहो, सोडा की!" शेजारचा हमाल म्हणाला.

मी बघितलं. त्याचं मनगट माझ्या मुठीत होतं.